विहिरीतून निघालेली मूर्ती कोणत्या देवाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या जुन्या विहिरीचा गाळ काढताना काळ्या दगडाची, कमरेएवढ्या उंचीची उभी मूर्ती निघाली. चार हात आहेत. वरच्या उजव्या हातात शंख, वरच्या डाव्या हातात चक्र. खालचे दोन्ही हात मनगटापासून तुटले आहेत. पायाशी दोन लहान स्त्रिया आणि गुडघ्यावर बसलेला एक पुरुष, मागच्या प्रभावळीत ओळीनं छोट्या आकृत्या. गावातले बरेच जण बालाजी म्हणतात, काही जण सूर्यनारायण म्हणतात, आणि चेहरा तर कॅलेंडरवरच्या कुठल्याच देवासारखा दिसत नाही. मंडळींना ऑइल पेंट देऊन मूर्ती बसवायची आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. तुम्ही लिहिलेला उजवा हात हा देवाचा उजवा हात असेल, तर मूर्ती विष्णूची आहे. सूर्याची नाही, आणि तिरुमलैच्या बालाजीचीही नाही. विष्णूच्या चोवीस रूपांपैकी ती केशव किंवा वासुदेव आहे, आणि दोघांतला कोण हे तुम्ही स्वतः मूर्तीजवळ बसून ठरवू शकाल. रंग देऊ नका. हे सगळं कशावरून म्हणतो ते आता सविस्तर लिहितो, कारण मराठवाडा आणि विदर्भात गावोगावच्या मूर्तींच्या नोंदी करताना हाच गोंधळ मला पुन्हापुन्हा दिसतो.

देवाचा उजवा हात म्हणजे आपण समोर उभे असताना आपल्या डावीकडचा हात. मूर्तिशास्त्रात उजवं-डावं नेहमी देवाच्या बाजूनं मोजतात. निम्मे चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कधी आरशासारखा उलटा जतन होतो, आणि तसा फोटो चार लोकांकडे फिरला की शंख-चक्रांची अदलाबदल होते. म्हणून आधी मूर्तीसमोर जा आणि खात्री करा. ती होईपर्यंत पुढचं सगळं तात्पुरतं समजा.

देव चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. माणसांच्या बाबतीत चेहरा आधी येतो, आपल्या शिल्पकलेत मात्र चेहऱ्याकडून ओळखीचं काम फार थोडं घेतलेलं आहे. विष्णू, सूर्य, इंद्र, कुमार (कार्तिकेय) हे सगळे तरुण, दाढी-मिशा नसलेले, शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांचे घडवले जातात. देव सोळा वर्षांचा असावा ही कल्पना ग्रंथांतही आहे आणि कारागिरांच्या हातातही आहे. दाढी ब्रह्मदेवाला, अग्नीला, ऋषींना. सुळे आणि वटारलेले डोळे भैरवाला, चामुंडेला. या दोन टोकांच्या मधले बहुसंख्य देव चेहऱ्यानं एकमेकांचे भाऊ शोभतील इतके सारखे असतात. ओळख ठेवलेली असते ती हातांतल्या वस्तूंत, मुकुटात, वाहनात, पायाशी उभ्या असलेल्या परिवारात आणि पीठावर, म्हणजे मूर्तीखालच्या बैठकीवर. मूर्ती वाचायचा माझा क्रमही असाच आहे: हात, डोकं, पाय, पीठ, प्रभावळ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

चेहऱ्यामुळे किती मोठी चूक रुजू शकते याचं उदाहरण आपल्या घारापुरीलाच आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या त्या लेण्यातल्या पाच मीटरहून उंच तीनमुखी शिल्पाला लोक सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि तीन तोंडं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश असं सांगतात. तिथे थांबून नीट पाहिलं तर ब्रह्मा किंवा विष्णूची एकही खूण सापडत नाही. आपल्या डावीकडच्या मुखाला मिशी आहे, भुवया आक्रसलेल्या आहेत, हातात साप आहे. ते अघोर, म्हणजे भैरवरूप. उजवीकडचं मुख कोवळं, कुरळ्या बटांचं, हातात कमळ. ते वामदेव, म्हणजे उमेचं रूप. मधलं शांत मुख तत्पुरुषाचं. ती सगळी शिवाचीच मुखं आहेत, सदाशिवाची. तीन तोंडं दिसली की तीन देव, असा हिशेब धरल्यामुळे अभ्यासकसुद्धा बराच काळ चुकत राहिले.

आता तुमच्या मूर्तीचे हात. शंख आणि चक्र एकत्र आले की विष्णू, इथपर्यंत कुणालाही सांगता येतं. पुढची पायरी फार सुंदर आहे. विष्णूच्या चार हातांत चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार हातांत जितक्या वेगवेगळ्या प्रकारे ठेवता येतील तितकी रूपं, म्हणजे 4×3×2×1, बरोबर चोवीस. संध्या करताना आचमनात जी चोवीस नावं येतात, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, तिथपासून श्रीकृष्णाय नमः पर्यंत, तीच ही चोवीस रूपं. आजोबांकडून पाठ केलेली ती नावं दगडात अशी वाचता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मोजायची पद्धत प्रदक्षिणेची आहे. देवाच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, मग वरचा डावा, शेवटी खालचा डावा. या क्रमानं पद्म, शंख, चक्र, गदा आले तर केशव. गदा, शंख, चक्र, पद्म आले तर वासुदेव. पद्म, गदा, चक्र, शंख म्हणजे त्रिविक्रम. बंगाल-बिहारमधल्या पाल राजांच्या काळातल्या उभ्या विष्णूंत हा क्रम फार आढळतो. गदा, चक्र, शंख, पद्म म्हणजे माधव. पद्म, चक्र, शंख, गदा म्हणजे जनार्दन. गुजरातमध्ये पाटणच्या राणीच्या वावेत, अकराव्या शतकातल्या त्या विहिरीच्या भिंतींवर, या चोवीसपैकी बरीच रूपं ओळीनं पाहायला मिळतात. ग्रंथाग्रंथांत काही नावांच्या क्रमात फरक आहेत, ते मान्य करूनच काम करावं लागतं. केशवाच्या क्रमाबद्दल मात्र सहसा मतभेद होत नाही.

तुमच्या मूर्तीत वरचा उजवा शंख आणि वरचा डावा चक्र आहे. म्हणजे गदा आणि पद्म या दोनच वस्तू खालच्या दोन हातांसाठी उरतात. चोवीसांतली बावीस नावं तिथेच गळली, केशव आणि वासुदेव राहिले. खालचे हात तुटले आणि वरचे वाचले, यातही नवल नाही. वरच्या हातांतली आयुधं मागच्या प्रभावळीला चिकटून कोरलेली असतात, त्यांना मागून आधार असतो. खालचे हात अंगापासून सुटे, पुढे आलेले असतात, मूर्ती पडली की पहिल्यांदा तेच जातात.

आता गदा शोधा. खालच्या हातातली गदा बहुतेक वेळा पायाशेजारून थेट पीठापर्यंत उतरते, कारण दगडाचा बारीक दांडा अधांतरी टिकत नाही. हात तुटला तरी गदेचं बूड पीठाला चिकटून राहतं, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला दांडा जोडल्याची खडबडीत उभी खूण राहते. रात्री दिवे बंद करून टॉर्च अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ समांतर धरा. दिवसा न दिसणारे उंचवटे सावल्यांमुळे उठून दिसतात. देवाच्या डाव्या पायाशी गदेची खूण सापडली तर केशव, उजव्या पायाशी सापडली तर वासुदेव. एक सावधगिरी मात्र बाळगा. पायाशी उभ्या असलेल्या सेविकेच्या चवरीचा दांडा किंवा कमळाचा देठही असाच तुटून राहतो, म्हणून खूण कुठून सुरू होते आणि वर मनगटाच्या रेषेत जाते का, हे पाहा.

मूर्तीसमोर गेल्यावर चक्र देवाच्या उजवीकडे आणि शंख डावीकडे निघाला, तर मात्र नावं बदलतील: माधव किंवा जनार्दन. आणि त्या वेळी बालाजीची शक्यताही पुन्हा तपासावी लागेल.

बालाजीबद्दल. विदर्भ-मराठवाड्यात चार हातांचा कोणताही उभा विष्णू ‘बालाजी’ होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरची भव्य विष्णुमूर्ती 1888 मध्ये जमिनीतून निघाली आणि आज ती शारंगधर बालाजी म्हणून पूजली जाते. लोकांच्या तोंडी ते नाव प्रेमानं बसलेलं आहे, त्यात बदल करायचं कारण नाही. पण तिरुमलैच्या वेंकटेशाच्या मूर्तीची ठेवण वेगळी आहे. तिथे वरच्या उजव्या हातात चक्र, वरच्या डाव्या हातात शंख, खालचा उजवा हात वरदमुद्रेत आणि खालचा डावा हात कमरेवर टेकलेला. गदाही नाही, पद्मही नाही. तुमच्या मूर्तीत शंख उजवीकडे असेल तर ही ठेवण जुळत नाही. शिवाय खालचा डावा हात कमरेवर असता तर मनगट तुटलं तरी बोटांचा ठसा कमरेवर राहिला असता. तोही पाहून घ्या.

सूर्यनारायणाचा तर्क बहुधा चक्रावरून आला असावा. आऱ्यांचं चक्र आणि त्याच्या कडेच्या ज्वाळा पाहून सूर्यबिंब वाटणं साहजिक आहे. सूर्याची मूर्ती ओळखायला मात्र फार सोपी आहे. दोन हात, दोन्ही हातांत खांद्याच्या उंचीला पूर्ण उमललेली कमळं, पीठावर सात घोडे आणि सारथी अरुण, दोन्ही बाजूंना दंड आणि पिंगळ हे सेवक, कधी अंधार पळवणाऱ्या धनुर्धारी उषा-प्रत्युषा. उत्तरेकडच्या परंपरेत त्याच्या पायांत चक्क उंच बूट असतात. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत सूर्याचा वेष उत्तरेकडच्या माणसाचा असावा आणि पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेलं असावं, असं सांगितलं आहे. देवांच्या अनवाणी मेळाव्यात बूट घातलेला देव हा मध्य आशियातून आलेल्या लोकांच्या पेहरावाचा पुरावा आहे. तुमच्या मूर्तीच्या पायांची बोटं दिसत असतील आणि पीठावर घोडे नसतील, तर सूर्य विसरा.

आणखी एक शक्यता पुसून टाकायला हवी. छातीवर श्रीवत्साचं चिन्ह दिसलं म्हणून जैन तीर्थंकराला विष्णू आणि विष्णूला तीर्थंकर म्हटल्याचं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. श्रीवत्स दोघांनाही असतं. पण उभ्या तीर्थंकराला दोनच हात, तेही कायोत्सर्गात, म्हणजे ध्यानात ताठ उभं राहून, सरळ खाली सोडलेले. डोक्यावर मुकुट नाही, अंगावर दागिना नाही. तुमच्या मूर्तीला उंच किरीट आणि गुडघ्यापर्यंत येणारी वनमाला असेल, तर तो प्रश्न मिटला. (विहिरीजवळ शेंदूर फासलेले उभे दगड आणखी असतील तर तेही पाहा. आडव्या चौकटींत खाली लढाई, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा असेल तर तो वीरगळ. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एकच हात असेल तर सतीशिळा. गावं त्यांना म्हसोबा, खंडोबा म्हणून पूजतात, पण ती त्याच गावच्या माणसांची स्मारकं आहेत आणि त्यांची नोंद व्हायला हवी.)

पायाशी असलेल्या दोन स्त्रिया श्रीदेवी आणि भूदेवी असाव्यात. हातात चवऱ्या असतील तर चामरधारिणी, एकीच्या हातात वीणा असेल तर लक्ष्मी-सरस्वतीची जोडी. गुडघ्यावर बसलेला पुरुष गरुड आहे का हे नाकावरून आणि खांद्यामागच्या आखूड पंखांवरून कळेल. पंख नसतील आणि हात जोडलेले असतील तर मूर्ती करवून घेणारा यजमानही असू शकतो. काही मूर्तींत आयुधंच माणसाचं रूप घेऊन पायाशी उभी राहतात. विदिशेजवळ उदयगिरीच्या सहाव्या लेण्यात, जिथे गुप्त संवत 82 म्हणजे इसवी सन 401-02 चा लेख आहे, विष्णूच्या हाताखाली गदादेवी आणि चक्रपुरुष असे उभे आहेत.

प्रभावळीतल्या छोट्या आकृत्या मोजा. दहा भरल्या तर दशावतार. मासा आणि कासव बहुधा एका टोकाला, मग वराह, मांडीवर हिरण्यकशिपू घेतलेला नरसिंह, छत्री घेतलेला वामन, परशुराम, धनुर्धर राम, नांगरवाला बलराम, ध्यानस्थ बुद्ध आणि शेवटी घोड्यावरचा कल्की. हे मोजताना घाई करू नका. गाळ निघालेला नसतो तेव्हा दोन आकृत्या हमखास सुटतात. प्रभावळीच्या माथ्यावर कीर्तिमुख, खांबांचं तोरण, अंगभर मण्यांचे पदर आणि दागिन्यांची गर्दी असेल तर बाराव्या-तेराव्या शतकातलं, यादवकालीन काम असण्याची शक्यता मोठी. त्याच काळात यादवांचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत, चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड संग्रह रचत होता, आणि त्याच्या व्रतखंडात देवतांच्या रूपांची वर्णनं आहेत. दगड घडवणारा आणि ग्रंथ लिहिणारा एकाच प्रदेशात, एकाच शतकात काम करत होते. विष्णुमूर्ती वाचताना मला या गोष्टीचा फार आनंद होतो.

चार हातच का, असं तुमच्यासोबतच्या एका तरुणानं विचारलं आहे. चार दिशा, चार पुरुषार्थ अशी स्पष्टीकरणं परंपरेत आहेत आणि ती भक्तांना पटतातही. मी इतिहासाच्या बाजूनं सांगतो. इंडो-ग्रीक राजा अगाथोक्लीजच्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर वासुदेव आणि बलराम आहेत, दोघांनाही दोन-दोनच हात. वासुदेवाच्या हातात शंख-चक्र, बलरामाच्या हातात नांगर-मुसळ. पुढच्या काही शतकांत हात वाढले, कारण एकाच उभ्या, स्थिर देहातून देवाची अनेक कर्तृत्वं सांगायची होती. दोन हात माणसासारखे वागतात: अभय देतात, वर देतात. बाकीचे हात देव कोण आहे ते सांगतात. महिषासुरमर्दिनीला आठ, दहा, अठरा हात येतात, कारण सगळ्या देवांनी आपापली शस्त्रं तिला दिली ही कथाच हातांनी सांगायची असते.

आता कॅलेंडरचा प्रश्न. आज आपल्या डोळ्यांसमोर देवाचं जे रूप चटकन येतं ते जेमतेम सव्वाशे वर्षांचं आहे. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांतली लक्ष्मी आणि सरस्वती साडी नेसलेल्या, हाडामांसाच्या, खऱ्याखुऱ्या उजेडात उभ्या असलेल्या बायका आहेत. युरोपीय तैलचित्राची छायाप्रकाशाची रीत, आपल्या नाटकांतले पडदे आणि पोशाख हे सगळं त्यात आलं. कित्येक अभ्यासक या चित्रांकडे नाक मुरडून पाहतात, मला ते पटत नाही. देवळाच्या उंबऱ्याबाहेर थांबवलेल्या लोकांच्या घरांत, चाळीतल्या खोलीत, देव पहिल्यांदा याच कागदावरून पोचला. ती फार मोठी गोष्ट आहे. फक्त त्या मापानं जुना दगड मोजू नये.

जुन्या शिल्पीसमोर कुणी माणूस बसवलेला नव्हता. त्याच्याकडे माप होतं आणि उपमा होत्या. बारा अंगुळांचा एक ताल, म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा. नवताल मूर्ती 108 अंगुळांची, आणि मोठ्या देवांसाठीचं उत्तम दशताल 124 अंगुळांचं. गणपती पाच तालांचा, म्हणून तो ठेंगणा आणि लाडका दिसतो. डोळा कमळाच्या पाकळीसारखा किंवा मासोळीसारखा, भुवई धनुष्यासारखी, नाक तिळाच्या फुलासारखं, गळा शंखासारखा तीन वळ्यांचा, हात गुडघ्यापर्यंत. अशी घडवलेली मूर्ती माणसासारखी दिसू नये हाच हेतू आहे. तुमच्या गावातल्या मंडळींना चेहरा परका वाटतो, कारण तो या नियमांतून आला आहे. दहा मिनिटं समोर बसा, मग तो परका राहत नाही.

तरीही ग्रंथांतलं वर्णन म्हणजे शेवटचा शब्द, असं मी कधीच म्हणणार नाही. पंढरपूरचा विठोबा पाहा. दोन हात, दोन्ही कमरेवर, डाव्यात शंख, उजव्यात कमळाचा देठ, माथ्यावर शिवलिंगासारखा मुकुट, पायाखाली वीट. चोवीस रूपांच्या कोष्टकात तो कुठेच बसत नाही. महाराष्ट्रानं त्याला विष्णू मानलं, संतांनी त्याच्या माथ्यावरच्या शिवासकट त्याला मानलं, आणि तो कोष्टकाबाहेर राहून आपला देव झाला. उलट कोल्हापूरच्या अंबाबाईचं रूप ग्रंथाशी अक्षरशः जुळतं. खालच्या उजव्या हातात म्हाळुंगाचं फळ, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन याच खुणांनी केलेलं आहे. साडी आणि अलंकारांच्या आड हे काही दिसत नाही, म्हणून कमळावर बसलेली, नाणी उधळणारी लक्ष्मीच ती, असं अनेकांना वाटतं. पूजेतल्या मूर्तीचं आणि घडवलेल्या मूर्तीचं नातं असं गुंतागुंतीचं असतं. तुमच्या गावानं केशवाला बालाजी म्हणून हाक मारली तर देव ऐकणार नाही असं नाही. पाटीवर आणि नोंदीत मात्र मूर्तीचं शास्त्रीय नाव लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही कळेल.

रंगाबद्दल आता कळकळीनं लिहितो. ऑइल पेंट लावू नका, सिमेंटनं हात जोडू नका, चिंच-लिंबू किंवा ॲसिडनं घासू नका. रंगाचा थर बसला की मघाशी सांगितलेल्या सगळ्या खुणा, गदेच्या दांड्याचा ओरखडा, पीठावरची झिजलेली अक्षरं, प्रभावळीतला हाताएवढासुद्धा नसलेला वामन, कायमच्या बुजतात. पुढे तो रंग काढताना दगडाची मूळ झिलई सोबत जाते. शेंदराचंही तेच. 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला तेव्हा आतलं मूळ काम लोकांना डोळे भरून पाहता आलं. तुमची मूर्ती साध्या पाण्यानं आणि मऊ कुंचल्यानं धुवा, सावलीत वाळू द्या, तेल लावू नका. पीठाच्या समोरच्या पट्टीवर अक्षरं दिसली तर खडूनं किंवा पेन्सिलनं गिरवू नका, फोटो काढा.

कायद्याची बाजू गावाला आजच सांगा. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे, असा 1878 चा निखात निधीचा कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं शिल्प 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, त्याची विक्री परवान्याशिवाय करता येत नाही आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला प्रत पाठवा. मूर्ती गावातच राहावी असं वाटत असेल तर त्याच अर्जात तशी विनंती करा, आणि ती कुठे, कुणाच्या देखरेखीत, कोणत्या कुलपात राहील हेही लिहा. कळवलं की सरकार मूर्ती घेऊन जातं, या भीतीनं गावं गप्प बसतात आणि मग एखाद्या रात्री मूर्ती चोरीला जाते. अर्जासोबत फोटो आणि मापं असतील तर चोरीनंतर मूर्ती ओळखता येते आणि परत मिळवता येते. फोटो नसेल तर आपली मूर्ती आपली आहे, हे सांगण्यासाठी हातात काहीच उरत नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि तुटलेल्या प्रत्येक भागाचा जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. हे काम उद्यावर ढकलू नका.

भंगलेली मूर्ती पूजावी का, हा प्रश्न तुमच्या पुजाऱ्यांनी काढला, तो रास्त आहे. सर्वसाधारण नियम असा की अवयव तुटलेली मूर्ती गाभाऱ्यात ठेवत नाहीत, जलात विसर्जन करतात. तुमची मूर्ती विहिरीत का सापडली याचं एक संभाव्य कारण हेच आहे. दुसरं म्हणजे धामधुमीच्या काळात ती मुद्दाम लपवलेली असेल. पण पंधराव्या शतकात मेवाडच्या मंडन या सूत्रधारानं, म्हणजे स्थपतीनं, ‘रूपमंडन’ या ग्रंथात या नियमाला अपवाद सांगितला आहे: थोरामोठ्यांनी स्थापन केलेली आणि शंभर वर्षं लोटलेली मूर्ती भंगलेली असली तरी पूज्यच. पुजाऱ्यांना हा आधार जरूर दाखवा. परत विहिरीत सोडण्याचा विचार कुणाच्याही मनात असेल तर तो यावरून तरी मागे पडावा.

नवीन मूर्ती करायचीच ठरली तर कारागिराला कॅलेंडरचा फोटो देऊ नका. याच मूर्तीची मापं द्या, किरीटाची उंची आणि वनमालेची लांबी याच मूर्तीवरून घ्यायला सांगा, आणि खालच्या दोन हातांचा क्रम लेखी द्या. हल्लीचे बरेच कारागीर शंख-चक्र आपल्या सवयीच्या बाजूला कोरतात, आणि दगड घडल्यावर केशवाचा माधव झालेला असतो. म्हणून मातीचा नमुना आधी मागवा आणि देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून चारही आयुधं स्वतः मोजा.